गोदामांच्या गावात उमेदवारीचा शोध

ठाण्यातील बाळकुम मागे टाकून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या वाटेवर फर्निचरची दालने लागतात. सोफे, पलंग आणि जेवणाची मेजे यांच्या जोडीला आता बाल्कनीत, गच्चीवर किंवा बंगल्याच्या अंगणात ठेवण्याच्या खुर्च्या, टांगते झोपाळे आणि छत्रीची मेजे दिसू लागली आहेत. एकेकाळी पडवी आणि ओटा यांनी जे काम केले, ते शहरी घरात आता सहा-आठ फुटांच्या सज्जाकडे आले आहे. २०२० च्या टाळेबंदीने या सज्जाची किंमत अनेकांना नव्याने कळली. मागणी वाढली, माल आला. पण तो माल समजावून सांगणारा माणूस मात्र त्या प्रमाणात तयार झाला नाही. विक्रीच्या कामात उमेदवारी करू पाहणारा भिवंडीचा पदवीधर तरुण आणि बाल्कनीसाठी चार खुर्च्या शोधणारे ठाणे-डोंबिवलीचे कुटुंब, हे दोघेही या एकाच उणिवेचे बळी आहेत.

भिवंडीची ओळख दीर्घकाळ यंत्रमागांचे शहर अशी होती. देशातील यंत्रमागांचा फार मोठा हिस्सा या एका शहरात एकवटला होता. सूताचे चढउतार, वाढते वीजबिल आणि स्वस्त मालाची स्पर्धा यांनी गेल्या दोन दशकांत अनेक माग थंडावले. त्याच काळात शहराभोवतीच्या माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, दापोडे या गावांत गोदामे उभी राहिली. त्यामागे करांचे गणित होते. मुंबईत माल नेताना जकात भरावी लागे, म्हणून तो महापालिकेच्या हद्दीबाहेर उतरवून गरजेपुरता आत नेणे व्यापाऱ्यांना परवडत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. जकात गेली तरी गोदामे गेली नाहीत. नाशिक आणि अहमदाबादकडे जाणारे महामार्ग, न्हावाशेव्याचे बंदर आणि मुंबईची बाजारपेठ यांच्या मध्यावर वसलेल्या भिवंडीला ऑनलाइन व्यापाराने आणखी मोठे काम दिले.

या बदलाने रोजगार निर्माण केला, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. गोदामातील बहुतेक कामे माल उतरवणे, मोजणे, बांधणे आणि चढवणे या प्रकारची, आणि पुष्कळदा ठेकेदारामार्फत मिळणारी असतात. मागावर पाच-दहा वर्षे काढलेल्या कामगाराच्या हाती निदान एक कसब येत असे. खोकी उचलणाऱ्याच्या हाती तितक्याच वर्षांनंतर काय उरते, हा प्रश्न अनुत्तरित आहे. विक्रीचे काम याहून वेगळे असते. तेथे माणूस मालाशी आणि गिऱ्हाइकाशी एकाच वेळी बोलायला शिकतो आणि ती शिदोरी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात नेता येते. म्हणूनच वाणिज्य शाखेचा विद्यार्थी गोदामाऐवजी दालनाचे दार ठोठावतो. त्या दाराशी त्याला काय मिळते, हे तपासणे अगत्याचे आहे.

सरकारी योजनांची कमतरता नाही. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तेव्हा २१ ते २४ वयोगटासाठी दरमहा ५,००० रुपये विद्यावेतन ठरले होते आणि देशातील आघाडीच्या ५०० कंपन्यांवर तिची मदार होती. पहिल्या फेरीत ८२ हजारांहून अधिक जागांसाठी प्रस्ताव दिले गेले, स्वीकारले गेले ते सुमारे २८ हजार आणि प्रत्यक्ष रुजू झालेल्यांची संख्या त्याहूनही पुष्कळ कमी राहिली. राज्य सरकारने २०२४ मध्येच मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये असे तिचे विद्यावेतन होते. सहा महिन्यांची मुदत पुढे वाढवावी लागली आणि ती संपत आल्यावर कायम कामासाठी प्रशिक्षणार्थींना आंदोलनाचा मार्ग धरावा लागला. दोन्ही अनुभवांचा बोध एकच आहे. मानधन देता येते, परंतु शिकवणारी जागा आणि पुढची वाट नसेल तर उमेदवारी म्हणजे लांबलेली प्रतीक्षा ठरते.

कशेळीसारख्या बाजारातील अडचण तर आणखी निराळी आहे. येथील अनेक दालने कुटुंबाच्या मालकीची आणि थोड्या नोकरांवर चालणारी आहेत. देशातील पहिल्या ५०० कंपन्यांत त्यांची गणना होणे शक्य नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. म्हणजे लहान दुकानदाराला दार उघडे आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा एक चतुर्थांश वाटा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्राने उचलण्याची तरतूद झाली. किरकोळ विक्रीच्या कामासाठी अभ्यासक्रमही ठरलेले आहेत. तरीही नोंदणीची कटकट नको म्हणून दुकानदार ओळखीतला मुलगा ठेवतो, त्याला सवलतीचे आकडे पाठ करून घेतो आणि पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकापुढे उभा करतो.

या मुलाला खरे तर काय शिकवायला हवे? घरात ठेवण्याच्या आणि उघड्यावर ठेवण्याच्या फर्निचरचे शास्त्र वेगवेगळे आहे. ठाणे जिल्ह्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वीचे दोन महिने कडक उन्हाचे असतात. भुसा व डिंक दाबून केलेल्या फळ्या या हवेत फुगतात. वरचा चकचकीत थर त्यांना फार काळ वाचवू शकत नाही. सागवानात नैसर्गिक तेल असल्याने ते टिकते, मात्र रंग करडा पडू द्यायचा नसेल तर वेळोवेळी तेलपाणी करावे लागते. खरा वेत छपराखाली शोभतो, पण सतत भिजला तर त्याला बुरशी धरते. बाजारात ‘वेताचे’ म्हणून मिळणारे बरेचसे बाह्य फर्निचर प्रत्यक्षात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी विणलेले असते. त्यात वावगे काही नाही, उलट उघड्यावर तेच अधिक सोयीचे. प्रश्न आतल्या सांगाड्याचा असतो. तो ॲल्युमिनियमचा असेल तर गंजणार नाही. लोखंडी असेल तर रंगाचा थर जेथे खरवडला जाईल तेथून गंज आत शिरेल. खिशातले साधे लोहचुंबक हा फरक क्षणात दाखवते. दालनात उभ्या असलेल्या किती विक्रेत्यांकडे ते चुंबक असते?

वजनाचाही विचार हवा. पोकळ प्लॅस्टिकची खुर्ची उचलायला सोपी, तशीच वाऱ्याला उडवायलाही सोपी. जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ या चक्रीवादळांच्या वेळी वाऱ्याचा जोर काय असतो, हे कोकण आणि मुंबई परिसराने पाहिले आहे. दहाव्या मजल्यावरून निसटलेली खुर्ची खालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. टांगत्या झोपाळ्यासाठी स्लॅबमध्ये भक्कम आकडा बसवता येतो का, पावसाचे पाणी बाल्कनीतून वाहून जायला वाट उरते का, चार खुर्च्यांऐवजी दोन घडीच्या पुरतील का, हे प्रश्न चांगल्या विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या आधी विचारायला हवेत. त्यातून कदाचित आजची विक्री लहान होईल. पण तेच कुटुंब पुढे पलंग घ्यायला त्याच दालनात येईल.

येथे भिवंडीच्या तरुणाजवळ एक भांडवल आहे, ज्याची दखल कोणी घेत नाही. बाह्य फर्निचरचा सर्वांत लवकर खराब होणारा भाग म्हणजे गादी आणि तिचे कापड. धाग्यातच रंग मुरवलेले कापड उन्हात तग धरते, वरवर छापलेले लवकर विटते. वीण घट्ट की सैल, सूत सुती की पॉलिस्टर, यावर पाणी किती झिरपेल ते ठरते. ज्याच्या घरात वडिलांनी किंवा आजोबांनी माग चालवले, त्याला हा फरक बोटांनी कळण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक आहे. मागावरचे ज्ञान दालनात आणण्याची ही संधी आहे. महाविद्यालयांच्या नव्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले आहेत. भिवंडीतील महाविद्यालये आणि कशेळी-काल्हेरचे व्यापारी यांनी एकत्र बसून चार महिन्यांची आखणी केली, तर पहिला महिना गोदामात माल ओळखण्याचा, दुसरा जोडणी व दुरुस्तीचा, तिसरा तक्रारी ऐकण्याचा आणि चौथा विक्रीचा ठेवता येईल. तक्रारी ऐकल्यावाचून विक्री शिकता येत नाही.

उमेदवारी शोधणाऱ्यानेही काही पथ्ये पाळली पाहिजेत. विद्यावेतन, मुदत, कामाचे तास आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र हे सारे लेखी घ्यावे. नोंदणी किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा. पगार केवळ विक्रीच्या टक्केवारीवर असेल तर ती उमेदवारी नसून बिनपगारी दलाली आहे, हे ओळखावे. मुलींनी, आणि त्यांच्या पालकांनीही, घरी परतण्याच्या वाहतुकीची चौकशी आधी करावी. उपनगरी रेल्वेच्या मुख्य मार्गावर नसलेल्या भिवंडीत रात्री उशिरा सुटणारे काम अनेकींना हातचे सोडावे लागते.

ग्राहकाचीही जबाबदारी आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध दाद मागता येते, परंतु त्यासाठी बिलावर ‘खुर्ची, नग चार’ एवढेच असून भागत नाही. सांगाडा कशाचा, कापड कोणते, हमी किती महिन्यांची आणि ती पावसातील वापराला लागू आहे की नाही, हे लिहून मागावे. कराचा दरही विचारावा: निव्वळ बांबू, वेत किंवा रतन यांपासून केलेल्या फर्निचरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, प्लॅस्टिकच्या विणकामाला हा दर लागू नाही. असे प्रश्न गिऱ्हाइके विचारू लागली, तर उत्तरे देऊ शकणारा विक्रेता ठेवणे दुकानदाराला भाग पडेल.

भिवंडीने जमीन दिली, रस्ते दिले, वाहतुकीच्या कोंडीचा त्रासही सोसला. त्या बदल्यात येथील पिढीला केवळ पाठीवर वाहायचे ओझे मिळणार की हातात एक व्यवसाय येणार, हे मोठमोठ्या योजनांच्या घोषणांपेक्षा अशा लहान दालनांतच अधिक ठरणार आहे. येत्या पावसाळ्यात ज्या खुर्च्या गंजतील, त्या विकणाऱ्या मुलाला हे आधी ठाऊक होते का, एवढी एक गोष्ट विचारली तरी त्याची उमेदवारी खरी होती की नाही ते कळेल.