घरच्या टेनिस-कोर्टाचा जीर्णोद्धार

दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला रंग काढण्याची गोष्ट निघाली, म्हणजे ज्यांच्या आवारांत टेनिसचें कोर्ट आहे त्यांना त्याचीहि आठवण होते. भिंती उजळल्या आणि कोर्ट मात्र काळवंडलेलें, रेघा पुसट झालेल्या, कोपऱ्यांत शेवाळ धरलेलें, हें डोळ्यांना बरें दिसत नाहीं. मग रंगवाला येतो, लांबीरुंदी मोजतो, निळ्या-हिरव्या रंगांचे नमुने दाखवितो आणि आठ दिवसांत नवें करून देतों म्हणून सांगतो. कोर्ट खरोखरच नव्यासारखें दिसूंहि लागतें. पुढचा पावसाळा सरल्यावर पाहावें, तों जुन्या भेगा जुन्याच जागीं हजर, आणि पाण्याचें डबकेंहि आपलें ठिकाण सोडून तसूभर हललेलें नसतें.

हा विषय आमच्या कांहीं वाचकांना चैनीचा वाटण्याचा संभव आहे. ठाण्या-कल्याणाकडे स्वतःच्या बंगल्यापुढें कोर्ट बाळगणारीं घरें पूर्वींहि थोडींच, आतां तर फारच थोडीं उरलीं आहेत. परंतु घोडबंदर रस्त्यावर आणि कल्याण-शीळ रस्त्यावर जीं मोठमोठीं गृहसंकुलें उठलीं, त्यांपैकीं पुष्कळांत बागेशेजारीं एखादें कोर्ट असतें, आणि तेथील शेंदोनशें बिऱ्हाडांच्या दृष्टीनें तें घरचेंच होय. कर्त्या पुरुषाच्या जागीं समिति आणि भाऊबंदांच्या जागीं सभासद, एवढाच काय तो फरक; वाद मात्र तेच.

ठाण्यांतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत हा प्रश्न मागील पावसाळ्याच्या अखेरीस निघाला. तीन भावांचीं बिऱ्हाडें एकाच आवारांत. कोर्ट आजोबांच्या वेळचें, मूळचें मुरमाचें. वडिलांनीं त्यावर काँक्रीट घातलें आणि पुढें दर चार-पांच वर्षांनीं त्यास रंग मिळत गेला. घरच्या थोरल्या सूनबाई सत्तरीला आल्या, तरी सकाळीं अर्धा तास रॅकेट हातीं घेतल्यावांचून त्यांना चैन पडत नाहीं. धाकट्या भावाच्या दोघी मुली संध्याकाळीं खेळतात. त्या थोरल्या बाई एके दिवशीं सर्व्हिसच्या रेघेजवळ शेवाळावरून घसरल्या. मनगटाच्या मुरगळण्यावर निभावलें, पण घरांत तीन मतें झालीं. थोरले म्हणाले, ताबडतोब रंग द्यावा. मधले म्हणाले, मोटारी उन्हांत तापतात, तेथें छप्पर घालून टाकावें. धाकट्यांनीं एवढेंच विचारलें कीं, तीन वेळां रंग देऊनहि पाणी त्याच जागीं कां सांचतें? आमच्या मतें विचारण्यासारखा प्रश्न तो एकच होता.

त्याचें उत्तर पाण्याच्या हिशेबांत आहे. टेनिसची जागा बाहेरच्या रेघांपर्यंत ७८ फूट लांब व ३६ फूट रुंद असते; भोंवतालीं धांवण्यास लागणारी मोकळी जागा धरली म्हणजे १२० फूट लांब व ६० फूट रुंद, एकंदर ७,२०० चौरस फूट उघडें अंगण होतें. ठाण्याकडे वर्षाकाठीं सुमारें अडीच हजार मिलिमीटर, म्हणजे शंभर इंच पाऊस पडतो. गुणाकार केल्यास एकट्या कोर्टावर एका पावसाळ्यांत सोळा लाख लिटरांहून अधिक पाणी उतरतें. उन्हाळ्यांत दहा हजार लिटरांचा टँकर मागवितांना ज्यांच्या जिवावर येतें, त्यांनीं असे दीडशेंहून अधिक टँकर आपल्या कोर्टावर ओतले जात आहेत असें मनांत आणावें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तेवढ्या पावसांत एवढ्याशा जागेवर सहा लाख लिटरांवर पाणी पडतें. त्यास वाट ठेवलेली नसेल, तर तें आपली वाट आपणच पाडतें, आणि ती बहुधा भेगेंतून खालीं जाते.

कोर्ट सपाट असावें, पण समतल असूं नये, ही गोष्ट गवंड्यांनाहि पुष्कळदां समजावून सांगावी लागते. दहा फुटांस एक इंच इतका उतार पाहिजे. म्हणजे साठ फुटांच्या रुंदींत सहा इंच. हा उतार एका लांब बाजूकडून दुसऱ्या लांब बाजूकडे असावा, आणि सारें कोर्ट एखाद्या तिरप्या ठेवलेल्या पाटासारखें एकाच पातळींत असावें. जाळ्यापासून दोन्ही टोकांकडे पाख्यासारखा उतार काढल्यास खेळ बिघडतो. टोकांकडून जाळ्याकडे काढल्यास तर मधोमध तळेंच होतें. साठ फुटांत सहा इंच खेळणाराच्या ध्यानांत येत नाहींत. पाण्याच्या येतात.

उपरिनिर्दिष्ट कुटुंबांत पाण्याची नळी लावून पातळी पाहिली, तेव्हां दोन गोष्टी निघाल्या. पहिली थोडी गमतीची. उताराच्या खालच्या अंगास शेवंतीचा वाफा होता. तीस वर्षें दरसाल त्यांत माती आणि खत पडून तो कोर्टापेक्षां चार बोटें उंच झाला होता, आणि वाहून येणारें पाणी बांधासारखें अडवून मागें लोटीत होता. शेवंती वाढविणाऱ्या हातांना याची दाद नव्हती. देवपूजेस फुलें मिळत होतीं आणि कोर्ट कुजत होतें. दुसरी गोष्ट गंभीर. सर्व्हिसच्या रेघेजवळचा काँक्रीटचा भाग खरोखरच बसला होता.

तो कां बसतो, हें या भागांतील माणसाला सांगावयास नको. डोंबिवली-कल्याणाकडील पुष्कळशी वस्ती भाताच्या खाचरांवर मुरमाचा भराव घालून उभी राहिलेली आहे. खाचर म्हणजे पाणी धरून ठेवण्यासाठींच केलेली जमीन. वर कितीहि मुरूम ओतला, तरी खालची चिकण माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते. ठाण्याच्या खाडीलगतच्या भरावाची गोष्टहि तशीच. तो वर्षानुवर्षें थोडाथोडा दबत राहतो, आणि सर्वत्र सारखा दबत नाहीं हीच खरी अडचण. येऊरच्या पायथ्याकडे जमीन घट्ट असते, पण तेथें डोंगराचें पाणी जमिनीखालून येतें. शिवाय वड, पिंपळ, उंबर यांचीं मुळें काँक्रीट उचलतात. तीं उचलतात म्हणून झाडावर कुऱ्हाड घालूं नये. नगरपालिकेच्या हद्दींत १९७५ च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणें परवानगीवांचून तसें करतांहि येत नाहीं. कोर्टाच्या कडेनें खोल चर खणून त्यांत मुळांस अडविणारी आडभिंत घालणें हा उपाय बहुधा पुरतो.

रंगवाल्याशीं बोलणीं करण्यापूर्वीं तीन परीक्षा घरच्या घरीं कराव्या. एक, उन्हाच्या दिवशीं कोर्ट पाण्यानें भिजवावें आणि एक तासानें पाहावें. जेथें पाणी उरलें असेल तेथें एक रुपयाचें नाणें आडवें टाकावें; तें बुडालें तर तो खळगा भरून काढणें अवश्य आहे. खळग्याभोंवतीं तेथल्या तेथें खडूनें रेघ ओढावी, नाहींतर वाळल्यावर त्याची जागा सांपडत नाहीं. दुसरी परीक्षा ओलीची. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारहि कडांनीं चिकटपट्टीनें घट्ट बसवून सोळा तास तसाच ठेवावा. आंतल्या अंगास घाम आला, तर ओल जमिनींतून वर येत आहे असें समजावें. अशा काँक्रीटवर कितीहि भारी रंग दिला तरी त्याला फोड येतातच. तिसरी परीक्षा कानाची. लोखंडी गजानें ठिकठिकाणीं ठोकून पाहावें. बद्द आवाज आला, तर वरचा थर खालच्यापासून सुटलेला आहे. तो खरवडून काढल्याशिवाय पुढचें काम सुरू करूं नये. या तिन्ही परीक्षा घरांतील मुलांकडून करवाव्या. तीं मोठ्या हौसेनें करतात, आणि खडूच्या रेघा पाहून मग कंत्राटदाराचेंहि बोलणें बरेंच मवाळ होतें.

या परीक्षांत उणें फार निघालें नाहीं, तर कामाचा क्रम सोपा आहे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें शेवाळ काढावें, खळगे वाळू-सिमेंट व ॲक्रिलिकच्या मिश्रणानें भरावे, मग बारीक वाळू मिसळलेला अस्तराचा हात एकदां किंवा दोनदां द्यावा आणि त्यावर रंगाचे दोन-तीन हात. हे हात कुंचल्यानें देत नाहींत. लांब दांड्याच्या रबरी फळीनें मिश्रण ओढीत न्यावयाचें असतें. त्यांतील वाळू जितकी भरड, तितका चेंडू मंद होतो. म्हातारीं माणसें आणि मुलें खेळणार असतील तर ही गोष्ट आधींच सांगावी, कारण नुसता गुळगुळीत रंग पावसाळ्यांत पाय घसरवितो. भेगांच्या बाबतींत मात्र भाबडेपणा करूं नये. केसासारख्या भेगा बुजतात. पण जी भेग ऋतूप्रमाणें उघडते-मिटते, किंवा जिच्या दोन्ही कडा वरखालीं झालेल्या आहेत, ती जमिनीची भेग आहे. तिच्यांत लवचीक मसाला भरून वर कापडाची पट्टी बसविली तरी कांहीं वर्षांची मुदत मिळते, इतकेंच. असल्या भेगांनीं अर्धें कोर्ट व्यापलें असेल, तर रंगाचे पैसे खर्चणें आमच्या मतें उधळपट्टी होय. मग फोडून नवें काँक्रीट घालावें, खालीं प्लास्टिकचा पडदा अंथरावा, आणि अठ्ठावीस दिवस पुरते मुरल्याशिवाय त्यास रंग लावूं नये.

किंवा दुसरें करावें. पुन्हां मातीकडे वळावें.

आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींना मुरमाचें कोर्ट आठवत असेल. शेणानें सारवलेलीं टेनिसचीं कोर्टें विसाव्या शतकांत हिंदुस्थानांत पुष्कळ ठिकाणीं होतीं, आणि आपल्या घरांतील बायकांना तें शास्त्र अंगणामुळें पाठच होतें: आधीं चोपणें, मग सारवण, आणि भेग दिसतांच बोटभर लिंपण. ही मागासलेली रीत म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. पॅरिसच्या रोलां गारोस येथें आजहि फ्रान्सची मोठी स्पर्धा लाल मातीवरच होते. तेथील वरची विटांची भुकट एक-दोन मिलिमीटरच जाड असते, आणि खालीं चुनखडीचा चुरा, जळक्या कोळशाची खंगर व खडी असे पाणी मुरविणारे थर असतात. विटांची भुकट म्हणजे आपली सुरखीच कीं! कल्याण-भिवंडीकडे वीटभट्ट्या आहेत, मुरमाचा तर तोटा नाहीं. माती गुडघ्यांना सौम्य असते, चेंडू उंच व सावकाश येतो, त्यामुळें आजी आणि नात यांचा डाव रंगतो. जमीन दबली तर खळगा एका सकाळींत भरतां येतो. उलट बाजूहि सांगितली पाहिजे: रोज पाणी शिंपडावें लागतें, रूळ फिरवावा लागतो, पावसाळ्याचे चार महिने खेळ बंद. जेथें उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण होते, तेथें हा मार्ग आम्ही सुचविणार नाहीं. ज्या आवारांत विहीर आहे आणि घरांत हात पुष्कळ आहेत, तेथें अवश्य सुचवूं.

मोटारींच्या छपराबद्दल थोडें बोललें पाहिजे, कारण हा विचार आज घरोघर निघतो. मोटार आणि टेनिस एकाच काँक्रीटवर नांदत नाहींत. कोर्टाचा थर पातळ असतो. तो चाकांच्या भारानें तडकतो, आणि तेलाचा डाग पडला कीं त्यावर रंग धरत नाहीं. तेव्हां ‘तूर्त गाड्या लावूं, मग पाहूं’ म्हणणें हा कोर्ट मोडण्याचाच निर्णय असतो. तो घ्यावयाचा तर सर्वांना विचारून, उघडपणें घ्यावा. आणि विचारतांना घरांतील स्त्रियांना आधीं विचारावें. पुरुषांना क्लब असतो, मुलग्यांना मैदान असतें. सत्तरीची सून आणि शाळेंतील मुलगी यांना घरच्या कुंपणाआंतील ही जागाच बहुधा मोकळी मिळते. ‘सत्याग्रहगीता’ रचणाऱ्या संस्कृत पंडिता क्षमाबाई राव या स्वतः टेनिस खेळत असत, आणि त्यांची कन्या लीला राव यांनीं १९३४ सालीं विंबल्डनला एकेरींत सामना जिंकला. तेथें असा विजय मिळविणारी ती पहिली हिंदी स्त्री. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित, तुकोबांच्या गाथेचे संपादक. अलीकडे २०२३ सालीं हांगचौच्या आशियाई स्पर्धेंत मिश्र दुहेरीचें सुवर्णपदक ऋतुजा भोसले हिनें रोहन बोपण्णाबरोबर मिळविलें. सगळ्याच मुली इतक्या दूर जाणार नाहींत. त्यांना जावयाचेंहि नसतें. त्यांना संध्याकाळीं खेळावयाचें असतें.

ठाण्याच्या त्या घरीं अखेर शेवंतीचा वाफा हलला, त्या जागीं जाळीनें झांकलेलें गटार झालें, बसलेला तुकडा फोडून पुन्हां घातला गेला आणि रंग सर्वांच्या शेवटीं आला. मधल्या भावांच्या मोटारींस कुंपणाबाहेर चिंचेची सावली मिळाली. ती त्यांना अजून पुरेशी वाटत नाहीं.

कामाचा हंगाम दिवाळीनंतरचा. एप्रिल-मे महिन्यांत काँक्रीट इतकें तापतें कीं रंग ओढतां ओढतांच सुकतो व त्यावर फळीचे पट्टे उमटतात. मार्गशीर्ष-पौषांत दंव पडतें, म्हणून दहाच्या सुमारास जमीन कोरडी झाल्यावर हात घालावा आणि दुपारीं तीन-चारपर्यंत आटोपावा. रेघा सर्वांत शेवटीं, चिकटपट्टी लावून काढाव्या. दोन इंच रुंद, मागची रेघ हवी तर चार इंचांपर्यंत. जाळें मधोमध तीन फूट व खांबांशीं साडेतीन फूट उंच बांधावें. उरलेल्या रंगाच्या डब्याचें झांकण घट्ट लावून तो सावलींत ठेवावा आणि त्यावर रंगाचें नांव व साल लिहून चिठ्ठी चिकटवावी. पुढील वर्षीं एखादें ठिगळ द्यावें लागलें, तर तोच रंग बाजारांत पुन्हां मिळेल याची खात्री नसते.