कूलरवर तारीख हवी

मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून घाटी रुग्णालयात आलेल्या माणसाला केसपेपर काढून झाला की लागतं ते पाणी. आपल्या शहरात जायकवाडीचं पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून ते टाक्यांत साठवावं लागतं, आणि साठलेल्या पाण्यातला क्लोरिन उडत जातो. नळाच्या पाण्यात तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरावा, असं भारतीय मानक सांगतं. उरलासुरला क्लोरिन पाण्याच्या कूलरला जोडलेल्या फिल्टरमधला कार्बन शोषून घेतो. म्हणजे फिल्टर झालेलं पाणी कूलरच्या टाकीत पोचतं तेव्हा त्याला राखणदारच नसतो! मग टाकीत, तोटीच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. धडधाकट माणसाला तो बहुधा बाधत नाही. पण केमोथेरपी घेणाऱ्याच्या, अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या जिवावर स्यूडोमोनाससारखा जंतू बेतू शकतो. गारव्याने जंतू मरत नाहीत, बर्फातही कित्येक तग धरतात. शेकायच्या पिशवीतला बर्फ म्हणूनच रुग्णाच्या पेल्यात कधीही टाकू नये. शहरातल्या प्रत्येक रुग्णालयाने कूलरची टाकी आणि तोटी कधी धुतली, पाणी कधी तपासलं, त्या तारखा कूलरवरच लिहाव्यात. आणि नातेवाइकांनो, बाटलीचं तोंड तोटीला टेकवू नका.