डिस्नेचे भुयार आणि आपली घरगल्ली

अमेरिकेत फ्लोरिडा येथे १९७१ साली डिस्नेचे ‘मॅजिक किंग्डम’ उद्यान सुरू झाले. पर्यटक ज्या रस्त्यांवर फिरतात, त्यांच्या खाली कामगारांसाठी भुयारी वाटांचे जाळे आहे. तिथे जमिनीत पाणी वरच लागते. म्हणून भुयारे जमिनीवर बांधली आणि उद्यान त्यांच्या वरच्या मजल्यावर उभारले. कामगार खालून ये-जा करतात, तिथेच पोशाख बदलतात. कचराही नळांतून ओढून नेला जातो. हेतू एकच, पाहुण्यांना राबणारा माणूस दिसू नये.

हे ऐकून आपली सुशिक्षित मंडळी थक्क होतात. थक्क कशाला व्हायचे? ही विद्या या देशात फार जुनी आहे.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात ‘घरगल्ली’ची व्याख्याच दिलेली आहे. घरामागची सांडपाण्याची, किंवा संडास साफ करणाऱ्याला आत येता यावे म्हणून सोडलेली अरुंद वाट म्हणजे घरगल्ली. त्याच कायद्यात ‘हलालखोर कर’ही होता. समोरचे दार पाहुण्यांसाठी आणि मागची गल्ली मैला वाहणाऱ्यासाठी! गावोगावच्या टोपलीच्या संडासांनाही असेच मागचे दार असे.

फरक एवढाच, की डिस्नेचा कामगार पाळी संपली की भुयारातून बाहेर येतो. त्याच्या मुलाने त्याच भुयारात राबावे, असा तिथे धर्माचा हुकूम नाही. आपल्याकडे गल्लीसोबत जातही वारशाने मिळाली. बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलना’त श्रमिकांच्या या जन्मजात विभागणीवर बोट ठेवले होते.

आज टोपली गेली, पण माणूस गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरतोच आहे. १९९३ ला कायदा झाला. तो अपुरा पडला म्हणून २०१३ चा कायदा आला आणि ६ डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे महापरिनिर्वाण दिनापासून, लागू झाला. सुरक्षा साधनांशिवाय कोणाला गटारात वा टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख ठरवली आणि २०२३ साली तीस लाख केली. भरपाई वाढते याचा अर्थ मरण थांबलेले नाही. आता तर कंत्राटदार मध्ये आला. माणूस मेला की नगरपालिका म्हणते, तो आमचा नव्हे. हीच आजची घरगल्ली!

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस, उमरखेड येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. कंत्राटी सफाई कामगार किती? त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो काय? टँक उपसायला यंत्र आहे काय? या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेत दक्षता समिती असावी लागते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. शेवटची बैठक कधी झाली, तिचे इतिवृत्त मागा.

स्वच्छतेच्या पुरस्काराचे फलक चौकात लागतात. त्या फलकावर राबणाऱ्यांची नावे का नसतात, हा प्रश्न आपण नाही तर कोण विचारणार?