बारीक झालीस, पण कशी?

लग्नात, गेट-टुगेदरला किंवा कॉलेजच्या रियुनियनला एखादी जाड मैत्रीण एकदम बारीक होऊन समोर आली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘अगं, केलंस काय?’ ती म्हणाली, ‘साखर बंद आणि रोज दहा हजार पावलं,’ की आपण खूश. ‘मानलं तुला!’ म्हणतो, सेल्फी काढतो, डाएट प्लॅन व्हॉट्सअॅप करायला सांगतो. आता समजा, ती म्हणाली, ‘बॅरिअॅट्रिक सर्जरी केली.’ खरं सांगा, तुमचा चेहरा तसाच राहील? बहुतेक वेळा एक लांबलचक ‘ओह’ येतो. आणि ती पाठमोरी झाली की कुजबुज, ‘म्हणजे स्वतः काहीच नाही केलं. शॉर्टकट मारला!’

या ‘ओह’बद्दलच बोलायचंय. कारण त्याच्या भीतीनं कितीतरी जण हे ऑपरेशन लपवतात. ऑफिसात ‘हर्नियाचं’ म्हणून सुट्टी टाकतात, नातेवाइकांना ‘पित्ताशयात खडे होते’ असं सांगतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं ऑपरेशन फक्त तिच्या आईवडिलांना ठाऊक आहे, सख्ख्या मावशीलाही नाही. सांगायचं की नाही, हा अर्थातच ज्याचा-त्याचा प्रश्न. पण कुणी मनापासून गप्प राहणं वेगळं आणि आपल्या टोमण्यांना घाबरून खोटं बोलणं वेगळं. हे दुसरं जे आहे, ते आपण करायला लावतो. आणि ते नुसतं वाईट नाही, धोक्याचं आहे.

आधी त्या ‘शॉर्टकट’ शब्दाकडे बघू. त्याच्यामागे एक हिशेब गृहीत धरलेला असतो: कमी खा, जास्त हला, वजन उतरणारच. नाही उतरलं म्हणजे तुम्ही आळशी किंवा चोरून खाणारे. पाच-सात किलो उतरवायचे असतील तर हा हिशेब बऱ्यापैकी जुळतोही. चाळीस-पन्नास किलो उतरवून ते तसंच टिकवायचं असेल, तर मात्र शरीरच तुमच्याविरुद्ध उभं राहतं. अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूझर’ नावाचा वजन उतरवण्याचा रिअॅलिटी शो गाजला होता. त्यातल्या १४ स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेकांचं वजन बऱ्याच अंशी परत आलं होतं. शिवाय त्यांचं शरीर विश्रांतीच्या वेळी जेवढ्या कॅलरी खर्च करायला हवं होतं, त्यापेक्षा रोज सरासरी ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. म्हणजे सहा वर्षांनंतरही शरीर ‘उपासमार चालू आहे’ असं समजून काटकसर करत होतं. भूक लावणारी आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी हार्मोन्सही वजन उतरल्यावर उलट्या दिशेनं कामाला लागतात. या सगळ्याला ‘विलपॉवर नाही’ असं म्हणणं म्हणजे चष्मा लागलेल्या माणसाला ‘नीट बघत नाहीस’ म्हणण्यासारखं आहे.

सर्जरी नेमका इथेच हात घालते. सगळ्यात जास्त होतं ते ‘स्लीव्ह’. यात जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. काढलेल्या भागातच भूक चेतवणारं घ्रेलिन हे हार्मोन मोठ्या प्रमाणात तयार होतं. ‘बायपास’मध्ये जठराचा अगदी छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे जेवण तर कमी जातंच, पण आतड्यांतून निघणारे संदेशही बदलतात. म्हणून अनेकांची टाइप टू डायबेटिसची साखर वजन फारसं उतरायच्या आधीच खाली येऊ लागते. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लठ्ठ व्यक्तींचा माग ठेवणारा एक मोठा अभ्यास झाला. सर्जरी केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न केलेल्यांपेक्षा लक्षणीय कमी होतं, असं त्यातून २००७ मध्ये पुढे आलं. थोडक्यात, हा दिसण्याचा नाही, जगण्याचा प्रश्न आहे.

आता या ‘सोप्या मार्गा’वरून जरा चालून बघा. ऑपरेशननंतरचे सुरुवातीचे दिवस फक्त पातळ पदार्थ. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि काही आठवड्यांनी साधं जेवण. तेही छोट्या वाटीभर, एकेक घास बारीक चावून. जेवताना पाणी प्यायचं नाही. आधी प्रोटीन संपवायचं, पोळी-भात त्यानंतर जागा उरली तर. बायपास झालेल्यानं दोन गुलाबजाम पटकन खाल्ले तर घाम, धडधड, पोटात कळ आणि चक्कर, असा तमाशा होऊ शकतो. त्याला ‘डम्पिंग’ म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठ-मूठ गळतात. बऱ्याचदा ते परत येतात, पण रोज उशीवर केस बघणाऱ्याला हे पटवून सांगायला जा! वजन झपाट्यानं उतरल्यावर दंड, पोट, मांड्यांवरची कातडी लोंबते. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभर सुटत नाहीत. आणि एवढं करूनही काही वर्षांनी थोडं वजन परत येऊ शकतं. शॉर्टकट म्हणे!

आता लपवण्यातला धोका लक्षात येईल. आपल्याकडे जेवण म्हणजे आग्रह. ‘एक जिलेबी घेतलीच पाहिजे’, ‘मोदकावर तूप नको? असं कसं चालेल?’, ‘आमच्या घरी येऊन एवढंसंच?’ ज्या मावशीला ऑपरेशन माहीत नाही, ती प्रेमानंच पानात वाढणार. आणि जी मुलगी काही सांगू शकत नाही, ती एकतर खाऊन बाथरूममध्ये उलटी करणार, नाहीतर ‘फार शिष्ट झालीये’ हे ऐकून घेणार. ऑफिसच्या पार्टीत ‘एक पेग तर घे’ म्हणणाऱ्याला कल्पना नसते, की बायपासनंतर दारू रक्तात फार वेगानं भिनते. गुडघा दुखतोय म्हणून मित्र खिशातली पेनकिलर काढून देतो. बायपास झालेल्यांना अशा बऱ्याच पेनकिलरनी अल्सर होऊ शकतो, हे त्याला कुठून कळणार? ऑपरेशननंतर साधारण वर्ष-दीड वर्ष गरोदर राहू नये असं डॉक्टर सांगतात. पण सासरी काही सांगितलंच नसेल, तर लग्नानंतर चौथ्या महिन्यात सुरू होणाऱ्या ‘गोड बातमी कधी?’ला उत्तर काय द्यायचं? गोळ्याही मग चोरून घ्यायच्या, फॉलोअपलाही चोरून जायचं. चोरून करायच्या गोष्टी हळूहळू सुटतात आणि बी-१२ची कमतरता नसांपर्यंत पोहोचते.

या खोटेपणाची दुसरी किंमत भलताच कुणीतरी मोजतो. ‘नुसतं जिरं-पाणी आणि वॉक’ ही बनावट गोष्ट ऐकून एखादी शंभर किलोची मुलगी सहा महिने जिरं-पाणी पिते. दोन किलो उतरतात, तीन वाढतात. मग ती स्वतःलाच शिव्या देते, ‘तिला जमलं, मलाच जमत नाही.’

लठ्ठ माणसाकडे आपण कसं बघतो, याचा एक धडा मुंबईनं फेब्रुवारी २०१७ मध्ये घेतला होता. त्या महिन्यात इजिप्तहून एका तरुणीला उपचारांसाठी मालवाहू विमानानं मुंबईत आणलं. वजन जवळपास पाचशे किलो, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली. क्रेननं पलंगासकट तिला उचलल्याची दृश्यं चॅनेलवर दिवसभर फिरली. त्याच महिन्यात महापालिका निवडणुकीच्या दिवशी एका प्रसिद्ध लेखिकेनं एका लठ्ठ पोलिसाचा फोटो टाकून कोटी केली. हा गणवेश आमचा नाही आणि ही कोटी अस्थानी आहे, असं मुंबई पोलिसांनी तिथल्या तिथं सुनावलं. तो अधिकारी निघाला मध्य प्रदेशचा. माझं वजन खाण्यामुळे नाही, आजारपणामुळे वाढलं, असं त्यांना साऱ्या देशाला सांगावं लागलं. पुढे त्यांच्यावर मुंबईतच सर्जरी झाली. एकीकडे तमाशा, दुसरीकडे विनोद. पण माझ्या मनात राहिलं ते त्यांचं स्पष्टीकरण. समजा, त्यांचं वजन खाण्यामुळेच वाढलं असतं, तर ती कोटी योग्य ठरली असती का? सहानुभूती मिळण्यासाठी लठ्ठ माणसाला आधी निर्दोष असल्याचा पुरावा का द्यावा लागतो? सिगरेट ओढणाऱ्याला हार्ट अटॅक आला तर आपण त्याची अँजिओप्लास्टी ‘शॉर्टकट’ म्हणून हसण्यावारी नेत नाही.

याचा अर्थ ‘चला, सगळ्यांनी पोट कापून घ्या’ असा मुळीच नाही. इन्स्टाग्रामवर ‘बिफोर-आफ्टर’च्या रील्सखाली ‘ईएमआय उपलब्ध’ असं लिहिलेलं दिसलं की मलाही काळजी वाटते. हे मेकओव्हर पॅकेज नाही, मोठं ऑपरेशन आहे. अनुभवी हातांत जिवाचा धोका बराच कमी असला तरी शून्य नाही. टाके लीक होणं, रक्तस्राव, रक्ताच्या गाठी हे सगळं क्वचित का होईना, होतं. ‘स्थळं बघायला सुरुवात करायचीये, त्याआधी उरकून टाकू’ हे तर सर्जरीचं सगळ्यात वाईट कारण आहे. कारण काढलेलं जठर परत बसवता येत नाही, आणि तुम्हाला आकारावरून नाकारणारा मुलगा उद्या लोंबणाऱ्या कातडीवरूनही बोलेल.

सर्जरी कुणासाठी, याचे निकष आहेत. १९९१ पासून बीएमआय ४०, किंवा सोबत गंभीर आजार असेल तर ३५, अशी रेषा जगभर धरली जायची. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती खाली आणली. आजार असो-नसो, ३५ला शिफारस. आशियाई लोकांत पोटाभोवतीची चरबी कमी वजनालाही त्रास देते, म्हणून आपल्यासाठी ती आणखी खाली. आपल्या विमा नियामकाच्या २०१९च्या नियमांत मात्र वय १८च्या पुढे आणि बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया, आटोक्यात न येणारा डायबेटिस यांसारखा आजार, अशा अटी आहेत. म्हणजे डॉक्टर ‘करा’ म्हणतील आणि विमा कंपनी ‘अजून पुरेसे आजारी नाही’ म्हणेल, असंही होऊ शकतं. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही भारतात मिळू लागली आहेत. ती घेणाऱ्यांनाही हाच ‘ओह’ ऐकावा लागतोय. उपाय बदलला, टोमणा तोच.

काही जण म्हणतील, ‘मग बॉडी पॉझिटिव्हिटीचं काय? आहे तसं स्वीकारा असं सांगता आणि दुसरीकडे ऑपरेशनचं समर्थन?’ मला यात विरोध दिसत नाही. शरीराचा आदर करणं म्हणजे त्याच्या दुखण्याकडे काणाडोळा करणं नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगानं हेच मांडलं, की नुसता बीएमआय बघू नका, वजनामुळे अवयवांना आणि रोजच्या हालचालींना काय त्रास होतोय ते बघा. जाड असूनही ठणठणीत असलेल्या मैत्रिणीला कुणी ऑपरेशन सुचवायची गरज नाही. आणि जिला जिना चढताना धाप लागते, रात्री झोपेत श्वास अडकतो, तिनं ऑपरेशन करून घेतलं तर तिनं ‘स्वतःला नाकारलं’ असंही होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयाच्या साधारण दर चार स्त्रियांमागे एकीचं वजन जास्त होतं. पुरुषांचंही चित्र फारसं वेगळं नाही. म्हणजे तुमच्या ग्रुपमध्ये, तुमच्या घरात, कदाचित आरशात ही गोष्ट आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी बारीक होऊन समोर आलं, तर ‘केलंस काय?’ हा प्रश्न जरा गिळा. उतरलेलं वजन आजारपणानं, दुःखानं, कशानंही उतरलेलं असू शकतं. ‘बरी आहेस ना?’ एवढं पुरे. तिनं आपणहून ‘सर्जरी केली’ असं सांगितलं, तर ‘ओह’ऐवजी ‘आता काय खाता येतं तुला?’ असं विचारा. पुढच्या वेळी ती घरी आली की वाटी छोटी ठेवा आणि आग्रह करणाऱ्या आजीला तुम्हीच थांबवा. आणि तुम्ही स्वतः ऑपरेशन केलेल्यांपैकी असाल, तर जगाला नाही सांगितलंत तरी चालेल. पण एकत्र राहणाऱ्या एकाला आणि प्रत्येक डॉक्टरला, अगदी दात काढणाऱ्यालाही, नक्की सांगा. बाकीच्यांना सांगावंसं वाटेल असं वातावरण तयार करणं तुमचं नाही, आमचं काम आहे.