यंत्रावर घडवलेले पाय खोटे असतात काय?

१/ इतिहासप्रेमी तरुणांच्या गप्पांत एक वाक्य चलनी नाण्यासारखे फिरत असते : "आमच्या तालमीत बैठका होत्या, खुर्चीत बसून पाय हलवायची यंत्रे ही जिमवाल्यांनी पैशासाठी काढलेली थेरं." वाक्य टाळ्या घेणारे आहे. पण इतिहास म्हणून ते चुकीचे आहे, आणि सल्ला म्हणून कित्येकांना अपायकारक आहे. या धाग्यात त्याचा समाचार घेतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ आधी वाद कशाचा, ते स्पष्ट करू. बैठकीत किंवा खांद्यावर वजन घेऊन केलेल्या स्क्वॉटमध्ये खुबा, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे एकदम काम करतात. 'लेग एक्स्टेन्शन'च्या यंत्रावर आपण बसतो, नडगीच्या खालच्या टोकावर गादीचा दांडा येतो आणि केवळ गुडघा सरळ होतो. 'लेग कर्ल'मध्ये केवळ गुडघा दुमडतो. एका वेळी एक सांधा, एक स्नायुगट. बाकी शरीर बाजूला काढून ठेवलेले. म्हणून या प्रकाराला 'आयसोलेशन' म्हणतात, आणि सारा राग याच्यावर.

३/ हा राग बाळगणारे बहुधा असे गृहीत धरतात की ही यंत्रे १९७०-८०च्या अमेरिकेत, आरसे लावलेल्या खोलीत जन्मली. त्यांचा जन्म त्याच्या शंभर वर्षे आधीचा आहे आणि तो एका वैद्याच्या उपचारगृहातला आहे.

४/ इ. स. १८६५, स्टॉकहोम. गुस्ताव झांडर नावाच्या तीस वर्षांच्या डॉक्टरने यांत्रिक व्यायामोपचाराची संस्था उघडली. स्वीडनमध्ये तोवर पेर हेन्रिक लिंग याची व्यायामपद्धती चांगली रुजली होती. तिची मध्यवर्ती संस्था स्टॉकहोमातच १८१३ साली निघाली होती. लिंगपंथी उपचारात रोग्याच्या हालचालीला विरोध देण्याचे काम दुसऱ्या माणसाचे हात करीत. रोग्याने गुडघा ताणायचा, उपचारकाने तो ताणू द्यायचा नाही, निदान सहजासहजी नाही.

५/ यातली अडचण उघड आहे. माणसाचा हात थकतो, सकाळचा जोर संध्याकाळी राहत नाही, आणि आज नेमका किती जोर लावला हे उद्या सांगता येत नाही. झांडरने हाताच्या जागी तरफ आणि तिच्यावर सरकणारे वजन बसवले. वजन बाहेरच्या बाजूला सरकवले की विरोध वाढतो, आत घेतले की घटतो, आणि तो मोजता येतो. पायांच्या हालचालींसाठी त्याने यंत्रांची स्वतंत्र मालिकाच केली; गुडघा ताणण्याचे यंत्र वेगळे, दुमडण्याचे वेगळे. आज तुमच्या जिममध्ये कोपऱ्यात उभी असलेली ती जोडी हीच.

६/ लिंगपंथीयांना हे रुचले नाही. जिवंत हाताची जागा निर्जीव लोखंड घेते म्हणजे काय! (ओळखीचा सूर वाटतो ना?) तरीही १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ही यंत्रे झळकली. जर्मनीत १८८४ साली कामगारांच्या अपघातविम्याचा कायदा झाल्यावर तर अशा संस्थांचे पेवच फुटले. जखमी कामगार लवकर कामाला लागावा, ही विमा संस्थांची गरज होती. त्यात कनवाळूपणा किती आणि हिशेब किती, हा प्रश्न वेगळा. पण यंत्रावर बसणाऱ्यांत मोडलेल्या पायाचा कामगार होता, हे विसरता येत नाही.

७/ श्रीमंतांनीही ही यंत्रे उचलली, हे कबूल. आरोग्यधामांत ती शोभेसाठी मांडली गेली आणि 'टायटॅनिक'च्या व्यायामशाळेत विजेवर डुलणारा उंटसुद्धा होता. उंटाची टिंगल खुशाल करा, मीही करीन. पण त्या उंटाच्या पाठीवर लेग एक्स्टेन्शनला बसवून दोघांना एकाच फटक्यात हाकलणे न्यायाचे नव्हे.

८/ आता दुसरा अंक. दुसरे महायुद्ध, शिकागोचे गार्डिनर जनरल हॉस्पिटल. गुडघा निकामी झालेल्या सैनिकांनी खाटा भरल्या होत्या. अशा रुग्णाला हलक्या वजनाने पुष्कळ आवर्तने करायला लावावी, जड वजन देऊ नये, ही त्या वेळची रीत. परिणामी मांडी काडीसारखी राही आणि खाट रिकामी होत नसे.

९/ तिथला तरुण लष्करी डॉक्टर टॉमस डिलॉर्म. लहानपणी संधिवाताच्या तापाने त्याला अंथरुणाला खिळवले होते आणि त्यातून उठल्यावर वजने उचलूनच त्याने शरीर कमावले होते. त्याने रीत मोडली. रुग्णाच्या पावलाला लोखंडी बूट बांधायचा, त्याला वजने जोडायची, टेबलाच्या कडेवर बसवायचे आणि गुडघा सरळ करायला लावायचा. जड वजन, थोडी आवर्तने, आणि आठवड्यागणिक वाढता भार. १९४५ साली त्याने हे अस्थिशल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

१०/ पुढे आर्थर वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्याने पद्धत आटोपशीर केली : दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन ठरवायचे, मग त्याच्या निम्म्याने दहा, पाऊण वजनाने दहा, पूर्ण वजनाने दहा. जगभरच्या जिममध्ये आज 'तीन सेट, दहा रेप' असा जो मंत्र म्हटला जातो, त्याचे मूळ इथे आहे. म्हणजे यंत्रांना नावे ठेवणारा वीरही स्वतःची आवर्तने मोजतो ती लोखंडी बुटाच्या हिशेबाने.

११/ डिलॉर्मने त्या सैनिकांना नुसत्या बैठका का मारायला लावल्या नाहीत? वादाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबतो. गुडघ्याला इजा झाली, त्यात सूज आली, की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला आतूनच लगाम घालते. माणसाची इच्छा असली तरी स्नायू पूर्ण जोराने आवळत नाही, आणि तो झपाट्याने सुकतो. अशा माणसाला बैठका मारायला सांगितल्या की शरीर चलाखी करते : भार धडधाकट पायावर टाकते, उरलेला खुब्यावर ढकलते. बाहेरून बैठक शंभर नंबरी दिसते. दुबळी मांडी मात्र तशीच राहते. एका पायाने, एका सांध्यावर, मोजलेले वजन उचलायला लावले की ही चलाखी बंद होते. ज्याला हेटाळणीने 'वेगळे काढणे' म्हणतात, तोच इथला उपचार आहे.

१२/ "हे आजाऱ्यांसाठी झाले, आम्ही धडधाकट आहोत!" असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे शरीरशास्त्र. मांडीच्या पुढच्या चार स्नायूंपैकी एक खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतो. बैठकीतून उठताना गुडघ्यापाशी तो आखडतो, पण त्याच क्षणी खुब्यापाशी ताणला जातो. जमाखर्च जवळपास शून्य. मांडीमागच्या बहुतेक स्नायूंची गतही तीच. जपानमधील २०१९च्या एका अभ्यासात तरुणांनी दहा आठवडे स्क्वॉट केले. मांडीच्या पुढचे इतर स्नायू आणि नितंबांचे स्नायू वाढले, पण हा दोन सांध्यांचा स्नायू आणि मांडीची मागची बाजू यांच्यात म्हणावी अशी वाढ झाली नाही. खोल स्क्वॉट करणाऱ्यांतही नाही.

१३/ मांडीमागच्या एका स्नायूचा आखूड भाग तर केवळ गुडघाच ओलांडतो. त्याला काम द्यायचे तर भाराविरुद्ध गुडघा दुमडावाच लागतो, आणि ते लेग कर्लवर सरळ साधते. त्यातही फरक आहे. २०२१च्या अभ्यासात बारा आठवड्यांनी बसून केलेल्या कर्लने मांडीमागचे स्नायू सुमारे १४ टक्के वाढले, पालथे पडून केलेल्याने सुमारे ९ टक्के. बसल्यावर ते स्नायू खुब्यापाशी ताणलेले असतात, म्हणून. झांडरला हे वाचून आनंद झाला असता.

१४/ विरुद्ध पक्षालाही सोडत नाही. १९६१ साली टेक्सासच्या कार्ल क्लाइनने खोल स्क्वॉटने गुडघ्याचे बंध सैल होतात असा निष्कर्ष काढला. अमेरिकेत तो इतका पसरला की शाळांतून खोल स्क्वॉट हद्दपार होऊ लागला. नंतरच्या तपासण्यांत तो टिकला नाही. पण त्या भीतीच्या मोकळ्या जागेत यंत्रविक्रेत्यांनी आपली दुकाने मांडली.

१५/ आर्थर जोन्सचेच पाहा. १९७०च्या सुमारास त्याने 'नॉटिलस' यंत्रे आणली, शंखाच्या आकाराच्या चाकाने हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर विरोध बदलणारी. कल्पना उत्तम, आणि मुळात झांडरच्या जातीची. पण १९७३ साली कोलोरॅडोत केसी व्हायटर याने २८ दिवसांत ६३ पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस किलो, स्नायू कमावल्याचा डांगोरा त्याने पिटला. व्हायटर आधीच नावाजलेला शरीरसौष्ठवपटू होता आणि अपघातानंतर त्याचे वजन उतरले होते. गमावलेले परत आले, त्याला नवी कमाई म्हणून विकले. हा इतिहास यंत्राच्या बाजूच्यांनी लपवू नये.

१६/ मग काटा उलट फिरला. १९८०-९०च्या दशकांत लेग एक्स्टेन्शनने गुडघ्यातल्या पुढच्या बंधावर ताण येतो, म्हणून ते वर्ज्य ठरले. ताण येतो हे खरे. पाय पूर्ण सरळ होण्याच्या शेवटच्या टप्प्यात तो सर्वाधिक असतो. त्यावरचा उपाय हालचालीचा कोन मर्यादित ठेवण्याचा आहे. यंत्र भंगारात काढण्याचा नाही. आज त्याच बंधाच्या शस्त्रक्रियेनंतर मांडी परत आणण्यासाठी हा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिला जातो.

१७/ "पण हे सारे परके आहे" हा शेवटचा आक्षेप. खांदे आणि मनगटे यांच्यासाठी मुद्गल स्वतंत्र घुमवणारी, जोर आणि बैठक वेगवेगळी मोजणारी आपली तालीम. शरीराच्या भागाला त्याच्या गरजेचे साधन द्यावे, ही गोष्ट तिला कोणी शिकवायला नको होती. वस्तादाला लेग कर्ल मिळाला असता तर त्याने तो फेकून दिला असता, हे सांगणाऱ्यांनी वस्ताद पाहिलेलाच नसावा.

१८/ बैठक सोडा असे मी कुठेही म्हटलेले नाही. तोल, कंबरेचा जोर, सारे अंग एकत्र लावण्याची सवय यंत्र देत नाही. कुस्तीगिराचे पाय यंत्रावर एकट्याने घडणार नाहीत. वजन उचलण्याची ताकदही ज्या हालचालीत कमवाल तिच्यातच सर्वाधिक दिसते. माझे भांडण 'निरुपयोगी' या शब्दाशी आहे. गुडघा दुखावलेल्या पोराला गटातले बहाद्दर "यंत्राच्या नादी लागू नकोस, बैठका मार" असा सल्ला देतात आणि वर इतिहासाचा शिक्का मारतात, त्याच्याशी आहे.

१९/ त्या बहाद्दरांसाठी एक शेवटचा दाखला. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्ध-शुश्रूषागृहात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना बसून गुडघा ताणण्याचा, वजन आणि कप्पीवरचा, जड व्यायाम दिला गेला. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूचे क्षेत्र ९ टक्क्यांनी. आरंभी तिघांना हातांचा आधार घेतल्यावाचून खुर्चीतून उठता येत नव्हते. त्यांतला एक शेवटी उठला. दोघांनी काठ्या ठेवून दिल्या.