दात्या ड्राइव्हचे दान

व्यापारी घराण्यांत जुनी वही टाकून देण्याची रीत नाही. कीर्द आणि खतावणी कापडात बांधून माळ्यावर ठेवतात. चाळीस वर्षांनी गाठोडे सोडले, तरी आजोबांच्या हातचा जमाखर्च नातवाला वाचता येतो. संगणकावर गेलेल्या हिशेबाचे तसे होत नाही. १९९५ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावीही दुकानाचे हिशेब, मालाच्या याद्या, लग्नसमारंभांची छायाचित्रे आणि घरातील वडीलधाऱ्यांचे आवाज सीडीवर उतरले. त्या तबकड्या आजही कपाटात आहेत. त्या वाचणारा ड्राइव्ह मात्र अनेक घरांत बंद पडला आहे. वही उघडली की वाचता येते, तबकडीला वाचणारे यंत्र लागते, आणि यंत्र गेले की माहिती असूनही नसल्यासारखी होते.

येथे प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. तबकडीत केवळ छायाचित्रे, ध्वनिफिती किंवा साधी कागदपत्रे असतील, तर यूएसबीने जोडण्याचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो. तो सीडीही वाचतो. दुरुस्तीचा खटाटोप त्यासाठी नको. परंतु ज्या दुकानाचा हिशेब जुन्या आज्ञावलीत आहे, ती आज्ञावली केवळ त्याच जुन्या संगणकावर चालते आणि तिची मूळ सीडी घातल्याशिवाय ती पुन्हा बसवता येत नाही, तेथे जुना संगणक त्याच्या ड्राइव्हसह जगवावा लागतो. चाळीस टाचण्यांच्या चपट्या केबलने जोडलेला ड्राइव्ह असेल, तर त्याच जातीचा दुसरा वापरलेला ड्राइव्ह अजून मिळू शकतो. नव्वदीच्या आरंभीचे काही ड्राइव्ह मात्र ध्वनीच्या कार्डाला, निर्मात्याच्या स्वतःच्या पद्धतीने जोडलेले असत. त्यांच्या जागी दुसरे काही सहज बसत नाही. अशा वेळी दुरुस्ती हाच मार्ग उरतो. नवे सुटे भाग बनत नाहीत, म्हणून ते दुसऱ्या बंद ड्राइव्हमधून काढावे लागतात. असा ड्राइव्ह म्हणजे दाता.

दान योग्य होण्यासाठी यंत्राचे काम थोडे समजून घेतले पाहिजे. फिलिप्स आणि सोनी यांनी संगीतासाठी सिद्ध केलेली सीडी १९८२ साली बाजारात आली. तिचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. तिच्यावर सूक्ष्म खळग्यांची एकच सर्पिल रेषा असते. रेषेच्या दोन वळणांत अवघे १.६ मायक्रॉन अंतर; ती सरळ केली तर पाच किलोमीटरहून अधिक भरेल. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण छोट्या भिंगातून या रेषेवर पडतो आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारातून माहिती उमटते. तबकडी योग्य वेगाने फिरवणे, किरण नेमका खळग्यांच्या थरावर एकवटणे आणि रेषा न सोडणे, ही तीन कामे एकाच वेळी चालू असतात. त्यांतील एक चुकले, तरी वरून दोष एकच दिसतो: संगणक तबकडी ओळखत नाही.

म्हणूनच दाता शोधण्यापूर्वी दोष कोठे आहे, ते ठरवावे. ट्रे बाहेर येत नसेल, तर वीज बंद करून पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली कागदाची पिन हळूच दाबावी. ट्रे हाताने बाहेर आला, तर बहुधा ट्रे ओढणारा रबरी पट्टा ढिला झालेला असतो. त्यासाठी दुसरा ड्राइव्ह मोडू नये. मापाचा नवा पट्टा पुरतो. ट्रे नीट चालतो, पण तबकडी वाचली जात नाही, अशा वेळी कारखान्यात छापलेली सीडी घालून पाहावी. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी प्रकाश फारच कमी परतवते आणि अनेक जुन्या ड्राइव्हना ती मुळातच वाचता येत नाही. तो ड्राइव्हचा बिघाड नव्हे. त्यानंतर भिंगावरील धूळ मऊ कापसाच्या काडीने, किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, दाब न देता पुसावी. गारगोटीसारख्या सह्याद्रीलगतच्या दमट गावात लेसर हेड सरकते ते दांडे आणि त्यांवरील वंगणही पाहावे. वंगण वाळून चिकट झालेले असते. ते पुसून हलके नवे वंगण लावल्यावर कित्येक ड्राइव्ह दात्याविनाच सुरू होतात.

एवढे करूनही यश न आल्यास लेसर क्षीण झाला असण्याची शक्यता अधिक. काही कारागीर अशा वेळी लेसर हेडवरील लहान स्क्रू फिरवून किरणाची शक्ती वाढवतात. ड्राइव्ह काही दिवस चालतो आणि नंतर लेसर कायमचा जातो. हा उपाय म्हणजे भांडवल मोडून नफा दाखवण्यासारखा आहे.

दाता निवडताना डब्यावरील नावावर विसंबू नये. लेसर हेड बनवणारे कारखाने मोजके होते आणि ड्राइव्ह विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ. त्यामुळे निरनिराळ्या नावांच्या दोन ड्राइव्हमध्ये एकच हेड सापडते, तर एकाच नावाच्या पण वेगळ्या वर्षी बनलेल्या ड्राइव्हमध्ये भिन्न हेड निघते. लेसर हेडवरील क्रमांक, चपट्या केबलच्या तारांची संख्या आणि स्क्रूंच्या जागा जुळल्या पाहिजेत. दोन्ही ड्राइव्हचा मॉडेल क्रमांक आणि निर्मितीचा काळ एकच असेल, तर उत्तम. दात्याचा दोषही निराळा हवा. ज्याचा ट्रे मोडला किंवा ज्याचे सर्किट जळले, परंतु लेसर थोडाच वापरला गेला, तो दाता चांगला. ज्याचे भिंगच आंधळे झाले, त्याच्याकडून भिंग घेऊन काय साधणार?

उघडण्याचा सराव आधी दात्यावर करावा. तेथे कडी तुटली तरी नुकसान थोडे. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू क्रमाने ठेवावेत. शक्य असेल तेथे केवळ हेड न बदलता हेड, दांडे आणि तबकडी फिरवणारी मोटर असा पूर्ण सांगाडाच हलवावा. त्यामुळे कारखान्यात जुळवलेला कोन बिघडत नाही. अंगावरील स्थिर विजेच्या एका ठिणगीने लेसर मरतो, म्हणून हाताला जमिनीशी जोडलेली पट्टी बांधावी. दुकानातून सुटे आणलेले हेड असेल, तर संरक्षणासाठी त्यावर सोल्डरचा लहान ठिपका दिलेला असतो. केबल जोडून झाल्यावर तो काढला नाही, तर चांगले हेडही मेलेले वाटते. झाकण काढलेला ड्राइव्ह चालू असताना भिंगाकडे कधीही पाहू नये. हा किरण जवळजवळ अदृश्य असतो, परंतु डोळ्याला इजा करतो.

दाता मिळण्याची ठिकाणे म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याचा जुना बाजार आणि संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानातील कोपरे. परंतु सर्वांत जवळचे ठिकाण स्वतःचे गोदाम आणि नातलगांचे माळे हे आहे. दिवाळीच्या साफसफाईत जो संगणक किलोच्या भावाने भंगारात जातो, त्यातील ड्राइव्ह दुसऱ्या एखाद्या घराचे वीस वर्षांचे दप्तर उघडू शकतो. गारगोटी हे मौनी विद्यापीठाचे गाव. तांत्रिक शिक्षण येथे घराजवळ आहे. हाताने काम शिकू इच्छिणाऱ्या घरातील मुलामुलींना सुटीत असा एखादा ड्राइव्ह उघडू द्यावा. उरलेले निरुपयोगी सर्किट मात्र कचऱ्यात टाकू नये, जाळू तर मुळीच नये. ते ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडेच द्यावे.

ड्राइव्ह सुरू झाला, की पहिले काम एकच. आनंदाने गाणी ऐकत न बसता त्याच दिवशी प्रत्येक तबकडीची नक्कल काढावी. एक घरात ठेवावी, दुसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे. सर्वांत मोलाची तबकडी आधी घ्यावी, कारण दान मिळालेल्या लेसरचेही आयुष्य मोजकेच असते. हिशेबाच्या आज्ञावलीतून वर्षवार ताळेबंद आणि खतावणी कागदावर छापून बांधून ठेवावी. पुढच्या पिढीला ती वाचण्यासाठी कोणत्याही ड्राइव्हची गरज पडणार नाही.