कणखर कुणी व्हायचं?

‘आजकालची मुलं फार नाजूक झालीयत’ हे वाक्य कोण बोलतं ते एकदा नीट बघा. स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे, क्लासचे संचालक, फॅमिली ग्रुपवरचे काका. आम्ही छड्या खाल्ल्या, आम्हाला कुठे काय झालं? (काय झालं ते त्यांच्या घरच्यांना विचारा.) मग उपाय म्हणून ‘रेझिलियन्स’ची कार्यशाळा. दोन तास पीपीटी, शेवटी डोळे मिटून दीर्घ श्वास, आणि लगेच फिजिक्सची टेस्ट.

इंजिनिअरिंगला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकलेल्यांना हा शब्द ओळखीचा असेल. भार आला की धातू ऊर्जा साठवतो, आणि भार काढला की ती परत देऊन मूळ आकारात येतो. त्या क्षमतेला रेझिलियन्स म्हणतात. भार काढला की! व्याख्येतला हा अर्धा भाग कार्यशाळेत कुणी वाचून दाखवत नाही. दुसरं प्रकरण फटीगचं. एकदा सहज पेलेल एवढाच भार पुन्हा पुन्हा, लाखो वेळा दिला तर चांगलं पोलादही तडकतं. तेव्हा आपण पोलादाला प्रेरणादायी भाषण देत नाही, डिझाइन कुणी केलं ते विचारतो.

२०२४ ची नीट आठवा. २३ लाखांहून जास्त मुलं बसली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. पेपर फुटला, लातूरपर्यंत धरपकड झाली. १५६३ जणांना दिलेले ग्रेस मार्क काढून घेतले. ४ जूनला निकाल लागला आणि तो टिकणार की रद्द होणार हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं २३ जुलैला. सात आठवडे सतरा-अठरा वर्षांची पोरं लटकत राहिली. त्या काळात कणखरपणाची परीक्षा खरं तर मोठ्यांची होती. २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, आणि त्यात महाराष्ट्र पहिला. एवढी सगळी मुलं एकाच वेळी नाजूक निघाली, असं म्हणायचंय का?

मग मुलांना कापसात गुंडाळून ठेवायचं? मुळीच नाही. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचे आजार अशा परिस्थितीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं छान मार्गी लागली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली: निदान एक तरी मोठं माणूस त्यांच्या पाठीशी ठाम होतं. आजी, शेजारीण, एखादे शिक्षक. पण मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. किशोरवयात घसरलेल्यांपैकीही अनेक जण पुढे सावरले, कारण शिक्षण, नोकरी, लग्न अशी दुसरी संधी त्यांना मिळाली.

दुसरी संधी म्हणजे काय, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. दहावीत नापास झालेल्याची ‘ऑक्टोबरची वारी’ म्हणून गावभर टिंगल व्हायची. वर्ष जायचं, मित्र पुढे जायचे. मग फेरपरीक्षा जूनजुलैत आली, वर्ष वाचायला लागलं. पोरं तीच, नापासही तशीच होतात. बदललं ते फक्त बोर्डाचं वेळापत्रक, आणि त्या एका बदलाने जेवढी मुलं उभी राहिली असतील तेवढी शंभर कार्यशाळांनी राहिली नसती.

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षणसंस्थांना आणि क्लासवाल्यांना सांगितलंय, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक नेमा, आणि मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या बॅचेस पाडू नका. तुमचा धाकटा भाऊ, चुलतबहीण ज्या क्लासला जाते तिथे या आठवड्यात चक्कर मारा. समुपदेशक कुठे बसतो ते रिसेप्शनवर विचारा. आणि ‘स्टार बॅच’ची पाटी अजून लागलेली असेल, तर ती कुणाच्या परवानगीने, हेही विचारा.